घरच्या घरी त्वचेची निगा: कोणता घटक नेमके काय करतो

घरातील कोणताही पदार्थ चेहऱ्याला लावण्याआधी एक गोष्ट मनाशी स्पष्ट करून घ्यावी. हा पदार्थ त्वचेत पाणी धरून ठेवणार आहे, असलेले पाणी उडून जाऊ नये म्हणून वरून आवरण घालणार आहे, तेल आणि मळ ओढून घेणार आहे, की वरच्या मृत पेशी सैल करणार आहे? बहुतेक घरगुती लेपांचे यशापयश या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. कोरड्या, ताणलेल्या त्वचेवर मातीचा लेप लावून ती आणखी कोरडी झाली, तर दोष मातीचा नसतो. तिने आपले काम चोख केलेले असते, फक्त ते काम त्या त्वचेला नको होते. ‘नैसर्गिक’ हा शब्द पदार्थ कोठून आला एवढेच सांगतो. तो काय करील, किती प्रमाणात करील आणि किती दिवस टिकेल, हे त्याच्या गुणधर्मांवरूनच ओळखावे लागते.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या जागेत सिरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा स्निग्ध थर असतो. शरीरातील पाणी बाहेर उडू न देणे आणि बाहेरचे जंतू व त्रासदायक द्रव्ये आत येऊ न देणे ही दोन्ही कामे हा पातळसा थर करतो. त्याचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी असतो. निरोगी त्वचेचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ४.५ ते ५.५ च्या आसपास असतो. या आम्लतेमुळे त्वचेवरील उपकारक जिवाणू टिकतात आणि तो स्निग्ध थर तयार करणारी विकरेही (एन्झाइम) नीट काम करतात. घरगुती उपाय निवडताना या थराला आपण मदत करतो आहोत की त्याची झीज करतो आहोत, हे आधी पाहावे.

या कसोटीवर सर्वाधिक सुचवले जाणारे दोन पदार्थ लगेच बाद होतात. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ इतका कमी असतो, तर खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८ च्या वर जातो. एक त्वचेला भाजून काढण्याइतका आम्ल आणि दुसरा तिची स्वाभाविक आम्लता मोडणारा. सामूच्या मोजपट्टीत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहा पटींचा फरक, हे ध्यानात घेतले की लिंबू ‘थोडेसे आंबट’ नसून त्वचेच्या मानाने शेकडो पटींनी आम्ल आहे हे उमगते. लिंबाचा धोका एवढ्यावरच थांबत नाही. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले, तर एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात आणि त्यानंतर उरणारे काळे डाग अनेक आठवडे, कधी महिनेही जात नाहीत. डाग घालवण्यासाठी लावलेल्या लिंबानेच नवे डाग पडावेत, ही फार दुःखाची गोष्ट आहे आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. सफरचंदाच्या व्हिनेगरलाही हीच सावधगिरी लागू आहे. त्यात सुमारे ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते आणि ते न पातळ करता त्वचेवर बांधून ठेवल्याने रासायनिक भाजल्याच्या जखमा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

पाणी धरणारे घटक

मध, ग्लिसरीन आणि कोरफडीचा गर हे तीन घटक त्वचेत ओलावा धरून ठेवण्यासाठी वापरावेत. मधात पाण्याचे प्रमाण साधारण १७ ते १८ टक्केच असते आणि उरलेला भाग मुख्यतः फळशर्करा व द्राक्षशर्करेचा असतो. इतक्या दाट साखरेत जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही, म्हणून बंद बाटलीतला मध वर्षानुवर्षे टिकतो. त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते, जे मध थोडा पातळ झाला की अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. मधाच्या जंतुरोधक गुणाचे हे एक कारण आहे. मात्र याच कारणाने मध फार गरम करू नये, कारण उष्णतेने ते विकर निकामी होते. चेहरा ओला असतानाच एक लहान चमचा मध बोटांनी पातळ पसरवावा, १० ते १५ मिनिटांनी कोमट पाण्याने धुवावा आणि लगेच नेहमीचे तेल किंवा मलम लावावे. उघड्या जखमेवर मात्र घरातील मध लावू नये. रुग्णालयांत जखमांसाठी वापरला जाणारा मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो. घरच्या मधात सुप्तावस्थेतील जिवाणूंची बीजे असू शकतात.

ग्लिसरीन या यादीत ‘रसायन’ वाटते म्हणून अनेकजण ते टाळतात, पण ते वनस्पती तेलांपासूनही मिळते आणि आपली त्वचा स्वतःही ते तयार करते. माझ्या मते घरगुती निगेत सर्वांत कमी लेखला गेलेला घटक हाच आहे. त्याचा दोष एकच, की ते नुसते लावले तर चिकट लागते आणि कोरड्या हवेत त्वचेच्या आतल्या थरांतूनच पाणी ओढू लागते. त्यामुळे ते नेहमी पाण्यात किंवा कोरफडीच्या गरात ३ ते १० टक्के एवढेच मिसळावे आणि त्यावर तेलाचा हलका हात फिरवून ओलावा बंदिस्त करावा.

कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या अल्पशा भागात बहुशर्करा असतात आणि त्वचेवर पातळ, थंडावा देणारा पापुद्रा त्यांच्यामुळेच तयार होतो. पान कापून सरळ त्यातला गर चेहऱ्याला लावणे ही मात्र सर्रास होणारी चूक आहे. पानाच्या हिरव्या सालीखाली एक पिवळा, कडू चीक असतो. त्यात ॲलोइन असते आणि त्याने पुष्कळांच्या त्वचेला खाज व लाली येते. म्हणून पान बुडाशी कापून, कापलेली बाजू खाली करून, १५ मिनिटे भांड्यात उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, मग साल जाडसर सोलून आतला पारदर्शक गर स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावा. असा ९५ ग्रॅम गर मिक्सरमधून काढून त्यात ५ ग्रॅम ग्लिसरीन मिसळले, की उन्हाने तापलेल्या किंवा दाढी केल्यानंतर चरचरणाऱ्या त्वचेसाठी उत्तम थंड जेल तयार होते. हे जेल फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच ठेवावे. अधिक केले असेल तर बर्फाच्या साच्यात लहान वड्या गोठवून ठेवाव्यात आणि लागेल तशी एक वडी वितळवून वापरावी. बर्फ मात्र थेट त्वचेवर घासू नये.

काकडीविषयी एकच वाक्य पुरे: तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते, तिच्या गार चकत्या सुजलेल्या पापण्यांना आराम देतात आणि त्यापलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

तेले आणि मेण

तेल त्वचेला पाणी देत नाही. ते असलेले पाणी अडवते आणि पेशींमधल्या फटी भरून त्वचा मऊ करते. म्हणूनच तेल कोरड्या त्वचेवर चोळण्यापेक्षा अंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांच्या आत, त्वचा दमट असताना लावावे. एवढ्या एका सवयीने जो फरक पडतो, तो महागडे तेल घेऊनही पडत नाही.

सर्व तेले सारखी नसतात आणि त्यांतला फरक मेदाम्लांच्या प्रमाणात असतो. नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते. हे आम्ल त्वचेतील सिरामाइडचा एक महत्त्वाचा घटक आहे, शिवाय मुरुमे येणाऱ्या त्वचेच्या तेलात त्याचे प्रमाण कमी आढळते. त्यामुळे कोरड्या आणि मुरुमप्रवण अशा दोन्ही प्रकारच्या त्वचेसाठी लिनोलेइक आम्लाने समृद्ध तेले निवडणे शहाणपणाचे ठरते. मात्र बाटलीवर ‘हाय ओलेइक’ असे लिहिलेले सूर्यफूल तेल वेगळे असते, ते या कामासाठी घेऊ नये. ऑलिव्ह तेलात उलट ओलेइक आम्ल प्रधान असते. हे आम्ल त्वचेच्या स्निग्ध थराची रचना विस्कळीत करते, आणि प्रौढांच्या त्वचेवर केलेल्या तुलनेत ऑलिव्ह तेलाने हा थर कमकुवत झाल्याचे, तर सूर्यफूल तेलाने तो अबाधित राहिल्याचे दिसून आले आहे. तान्ह्या बाळांच्या आणि इसब असलेल्यांच्या कोरड्या त्वचेसाठी ऑलिव्ह तेल टाळावे, असे मी आवर्जून सांगेन. तिळाच्या तेलात ही दोन्ही आम्ले जवळपास सम प्रमाणात असतात आणि त्यातील नैसर्गिक प्रतिऑक्सिडकांमुळे ते इतर अनेक तेलांपेक्षा उशिरा खवट होते. अंगाला लावण्यासाठी ते फार चांगले.

खोबरेल तेलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात जवळपास निम्मे प्रमाण लॉरिक आम्लाचे असते, ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, सहज खवट होत नाही आणि हातापायांच्या भेगाळलेल्या, रखरखीत त्वचेवर अतिशय गुणकारी ठरते. चेहऱ्यावर मात्र पुष्कळांना त्याने बारीक पुळ्या येतात. कोणते तेल रोमछिद्रे बुजवते याचे शून्य ते पाच अशा गुणांचे तक्ते सर्वत्र दिसतात, पण त्यांतील बरेच गुण सशांच्या कानांवर केलेल्या जुन्या चाचण्यांवरून आलेले आहेत. त्यांना अंतिम सत्य न मानता आपल्या त्वचेवरची दोन-तीन आठवड्यांची निरीक्षणे अधिक महत्त्वाची मानावीत. आणखी एक बाब: कपाळावर किंवा छातीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील, तर त्या यीस्टसदृश मॅलॅसेझिया बुरशीच्या असू शकतात. ही बुरशी बहुतेक वनस्पती तेलांतील मेदाम्लांवरच पोसते, तेव्हा अशा पुळ्यांवर कोणतेही तेल न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

होहोबा तेल रासायनिकदृष्ट्या तेल नसून द्रवरूप मेण आहे. मानवी त्वचेच्या स्वतःच्या तेलात मेणवर्गीय घटक लक्षणीय प्रमाणात असतात, त्यामुळे ते हलके वाटते आणि फार काळ टिकते. एरंडेल तेल याच्या दुसऱ्या टोकाला आहे: त्यातील रिसिनोलेइक आम्लामुळे ते अतिशय दाट आणि चिकट असते. चेहऱ्यासाठी ते दुसऱ्या पातळ तेलात १० ते २० टक्के मिसळूनच वापरावे.

तेल व मेणापासून बनवलेले मलम हा घरगुती निगेतील सर्वांत सुरक्षित आणि टिकाऊ प्रकार आहे, आणि ज्यांनी यापूर्वी काहीच बनवले नाही त्यांनी सुरुवात यानेच करावी. त्यासाठी १० ग्रॅम मधमाश्यांचे मेण, १० ग्रॅम शिया बटर (शिया झाडाच्या बियांतून निघणारा लोण्यासारखा घट्ट मेद) आणि ३० ग्रॅम सूर्यफूल किंवा तिळाचे तेल वजनकाट्यावर मोजून घ्यावे. चमच्याची मापे येथे फसवतात, कारण किसलेले मेण आणि मेणाचे दाणे एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचे भरतात. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. म्हणून मेण आणि तेल काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घेऊन ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे; थेट आचेवर ठेवू नये, कारण मेण पेट घेऊ शकते. मेण पूर्ण वितळले की भांडे उतरवून शेवटी शिया बटर घालावे, ढवळावे, कोरड्या डब्यांत ओतावे आणि लगेच फ्रिजमध्ये गार करावे. शिया बटर हळूहळू गार झाले तर त्यातील मेदघटक वेगवेगळ्या वेळी गोठतात आणि मलमात रव्यासारखे दाणे उतरतात; ते बिघडलेले नसते, पण लावताना खरखरते. मलम ओठांसाठी हवे असेल तर मेण थोडे वाढवावे, पायांच्या भेगांसाठी मऊ हवे असेल तर तेल वाढवावे. ओतण्यापूर्वी गार बशीवर एक थेंब टाकून पाहिला की घट्टपणाचा अंदाज येतो.

ओट्स आणि माती

खाज सुटणाऱ्या, चिडलेल्या त्वचेसाठी एकच घरगुती घटक निवडायचा झाला, तर मी निःशंकपणे ओट्स निवडेन. अत्यंत बारीक दळलेल्या ओट्सना कलिल ओट्स म्हणतात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्यांना त्वचारक्षक घटक म्हणून मान्यता दिली आहे. त्यांतील बीटा-ग्लुकान पाणी धरून ठेवते, पिष्ट पदार्थ त्वचेवर मऊ आवरण घालतात आणि ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्ये दाह व खाज कमी करतात; म्हणजे वर सांगितलेल्या कामांपैकी दोन-तीन कामे हा एकच पदार्थ करतो.

साधे, कोणतीही चव किंवा साखर नसलेले ओट्स कोरड्या मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे दळावेत. दळण पुरेसे बारीक झाले की नाही हे पाहण्यासाठी एक मोठा चमचा पीठ ग्लासभर पाण्यात ढवळावे. पाणी दुधाळ झाले आणि पीठ लगेच तळाशी बसले नाही, तर ते योग्य आहे. चेहऱ्यासाठी दोन मोठे चमचे पीठ कोमट पाण्यात कालवून पाच मिनिटे फुगू द्यावे, मग दहा मिनिटे लावून ठेवावे आणि न घासता धुवावे. अंगाची खाज असेल तर एक वाटी पीठ कोमट पाण्याच्या टबात किंवा बादलीत मिसळून त्या पाण्याने १०-१५ मिनिटे अंग भिजवावे, टॉवेलने टिपून घ्यावे आणि दमट अंगावर तेल किंवा मलम लावावे. या पाण्याने फरशी कमालीची निसरडी होते. घरात वृद्ध माणसे असतील तर फरशी लगेच धुऊन काढावी. ओट्सची ॲलर्जी विरळा असली तरी असते. विशेषतः इसब असलेल्या लहान मुलांच्या बाबतीत आधी लहानशा जागेवर चाचणी घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

मुलतानी माती आणि केओलिन या दोन्ही माती आहेत, पण त्यांचे वागणे निराळे. मुलतानी मातीतील खनिजांचे कण अतिशय सूक्ष्म असतात, त्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो आणि त्यामुळे ती तेल व पाणी दोन्ही जोराने ओढून घेते. केओलिन त्यामानाने सौम्य असते. तेलकट त्वचेसाठी मुलतानी माती, केओलिन आणि ओट्सचे पीठ समभाग घेऊन कोरडे मिश्रण करून ठेवावे आणि लावतेवेळी लागेल तेवढेच पाण्यात कालवावे. लेप पूर्ण वाळून चेहरा ताणला जाईपर्यंत थांबणे म्हणजे अधिक फायदा, हा समज चुकीचा आहे. कडा फिक्या पडू लागल्या की, साधारण आठ-दहा मिनिटांत, लेप पाण्याने भिजवून सैल करावा आणि धुवावा, कारण त्यानंतर माती त्वचेचेच पाणी ओढू लागते. आठवड्यातून एकदा पुरे; कोरड्या त्वचेला त्याचीही गरज नाही. माती जमिनीतून येते आणि तिच्यासोबत शिसे, आर्सेनिक यांसारखी जड मूलद्रव्येही येऊ शकतात, म्हणून सौंदर्यप्रसाधनासाठी तपासलेली मातीच वापरावी.

हळद आणि दही

हळदीतील करक्युमिनमध्ये दाहशामक गुण आहेत, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि प्रकाशात लवकर विघटित होते, त्यामुळे घरच्या लेपातून त्याचा किती अंश त्वचेला लाभतो याबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. दोन मोठ्या चमच्यांच्या लेपात चिमूटभर हळद पुरेशी आहे. अधिक घातल्याने गुण वाढत नाही, पिवळेपणा मात्र दोन दिवस जात नाही. साबण किंवा सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी संबंध आला की हळद तांबडी होते, हा तिच्या रंगद्रव्याचा स्वाभाविक गुण आहे, ॲलर्जी नव्हे. हळदीत रंग खुलवण्यासाठी शिशाच्या क्रोमेटची भेसळ झाल्याचे प्रकार घडलेले आहेत, तेव्हा भडक पिवळी भुकटी घेण्यापेक्षा अखंड हळकुंडे आणून घरी दळलेली बरी.

दह्यात सुमारे १ टक्का लॅक्टिक आम्ल असते आणि त्याचा सामू ४.५ च्या जवळपास, म्हणजे त्वचेला मानवणारा असतो. मृत पेशी सैल करण्याचे काम ते अगदी हळुवारपणे करते. साखर, मीठ किंवा कठीण कवचांची भरड चेहऱ्यावर घासण्यापेक्षा दह्याचा दहा मिनिटांचा पातळ थर मला कितीतरी श्रेयस्कर वाटतो, कारण धारदार कणांनी त्वचेवर ज्या सूक्ष्म इजा होतात त्या यात होत नाहीत. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र दही त्वचेवरही लावू नये.

सुगंधी तेलांचे प्रमाण

लव्हेंडर, टी ट्री, पुदिना, दालचिनी यांची अर्कस्वरूप सुगंधी तेले ही या विषयातील सर्वांत तीव्र द्रव्ये आहेत आणि सर्वाधिक हलगर्जीपणा यांच्याच बाबतीत होतो. ती कधीही थेट त्वचेवर लावू नयेत. चेहऱ्यासाठी ०.५ ते १ टक्का ही मर्यादा पाळावी: १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब येतात, म्हणजे ३० मिलिलिटर वाहक तेलात (सुगंधी तेल ज्यात मिसळून पातळ करतात ते साधे तेल) तीन ते सहा थेंब. दालचिनी आणि लवंग यांची तेले चेहऱ्यासाठी अजिबात घेऊ नयेत.

टी ट्री तेलाच्या बाजूने चांगला पुरावा आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२४ रुग्णांवरील एका ऑस्ट्रेलियन चाचणीत ५ टक्के टी ट्री तेलाच्या जेलने मुरुमे कमी झाली; मुरुमांवरील नेहमीच्या औषधापेक्षा, म्हणजे ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडपेक्षा, परिणाम उशिरा दिसला, पण कोरडेपणा व जळजळ कमी झाली. ते प्रमाण वर सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, म्हणून घरी इतके तीव्र मिश्रण संपूर्ण चेहऱ्यावर लावू नये. जुनी बाटली तर वापरूच नये. हवा लागून या तेलांतील घटकांचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून तयार होणारी द्रव्ये मूळ तेलापेक्षा कितीतरी अधिक ॲलर्जीकारक असतात. लव्हेंडरमधील लिनालूल आणि लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनीन यांचेही असेच होते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, ती थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी आणि वर्षभरानंतर त्वचेसाठी वापरणे थांबवावे. त्वचा नाजूक असेल, तर सुगंधी तेल सरळ वगळावे. त्वचेला सुगंधाची गरज नसते.

पाणी असेल तेथे जंतू येतात

घरगुती प्रसाधनांत सर्वांत महत्त्वाचा भेद पाणी असलेले आणि पाणी नसलेले असा आहे. नुसत्या तेलाचे किंवा मेणाचे मलम जंतूंना मानवत नाही, कारण त्यांना वाढायला पाणी लागते. ते फक्त खवट होते आणि तेही महिन्यांनंतर. याउलट पाणी, गुलाबपाणी, कोरफडीचा गर, फळांचा गर, दूध यांपैकी काहीही मिसळले की त्यात काही दिवसांतच जिवाणू आणि बुरशी वाढू लागतात. ही वाढ बहुधा दिसतही नाही. वास येण्याच्या किंवा रंग बदलण्याच्या कितीतरी आधी संख्या धोकादायक झालेली असू शकते. डोळ्यांजवळ किंवा फुटलेल्या मुरुमावर असे मिश्रण लावणे म्हणजे संसर्गाला निमंत्रण.

‘ई’ जीवनसत्त्वाचे तेल घातले की प्रसाधन टिकते, असे वारंवार सांगितले जाते. ‘ई’ जीवनसत्त्व तेल खवट होण्याची गती कमी करते, एवढेच त्याचे काम. जिवाणूंवर त्याचा उपयोग नाही. पाणी असलेले क्रीम महिनाभर ठेवायचे असेल तर त्यात खरे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह), योग्य प्रमाणात आणि योग्य सामूला घालावे लागते. उदाहरणार्थ, सोडियम बेंझोएट सामू ५ च्या वर गेला की जवळपास निष्प्रभ होते. ज्यांच्याकडे अचूक वजनकाटा आणि सामू मोजण्याची सोय नाही, त्यांनी पाणी असलेले पदार्थ एका वेळेपुरतेच बनवावेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन यांच्या नावाने ओळखले जाणारे मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी यांचे थंड मलमही ताजे करून वापरण्याच्याच प्रकारातले आहे.

कोरडी मिश्रणे, तेले आणि मलमे आगाऊ करून ठेवावीत. पाणी शेवटच्या क्षणी, वाटीत मिसळावे. डबे उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण आत राहिलेला एक थेंबही पुरेसा असतो. मलम बोटाने न काढता कोरड्या चमच्याने काढावे. प्रत्येक डब्यावर घटक आणि तारीख लिहिलेली कागदाची पट्टी चिकटवावी. पुढे त्वचेला काही त्रास झाला तर नेमके काय लावले होते, हे डॉक्टरांना सांगता येते.

काही गोष्टी घरी बनवू नयेत, हे येथेच सांगणे आवश्यक आहे. सनस्क्रीन त्यांत पहिले. झिंक ऑक्साइडची भुकटी मलमात कितीही ढवळली तरी तिच्या गुठळ्या राहतात, त्वचेवर संरक्षणाच्या थरात अदृश्य भोके पडतात आणि ते संरक्षण किती आहे हे घरी मोजता येत नाही. खोबरेल किंवा इतर वनस्पती तेलांचे संरक्षण नगण्य आहे. ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून केलेले सीरमही असेच व्यर्थ, कारण हे जीवनसत्त्व ३.५ पेक्षा कमी सामूलाच त्वचेत नीट शिरते आणि पाण्यात काही दिवसांत पिवळे-तपकिरी होऊन निकामी होते.

चाचणी आणि त्रास झाल्यास

नवा घटक चेहऱ्यावर लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, रोज दोनदा असे सात ते दहा दिवस लावून पाहावे. धुऊन टाकायचा लेप असेल तर चेहऱ्यावर ठेवायचा तितकाच वेळ ठेवून धुवावा. एकदाच लावून तासाभरात काही झाले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. ॲलर्जीची प्रतिक्रिया बहुधा दोन ते चार दिवसांनी उमटते आणि कधी वारंवार संपर्कानंतरच दिसते. एका वेळी एकच नवा घटक तपासावा. पाच घटकांच्या लेपाने पुरळ आले, तर दोषी कोण हे कळायला मार्ग उरत नाही.

लावल्यावर किंचित थंडावा किंवा ताण जाणवणे वेगळे आणि भगभगणे वेगळे. भगभगले, खाज आली किंवा त्वचा तांबडी झाली, तर ‘थोडे सोसावे’ असे न म्हणता लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवावे, चार-पाच दिवस साध्या मलमाखेरीज काहीही लावू नये आणि तो घटक पुन्हा वापरू नये. तेल किंवा मेण असलेला पदार्थ नुसत्या पाण्याने जात नाही, त्यासाठी सौम्य साबण वापरावा. फोड येणे, पू होणे, लाली पसरत जाणे किंवा दोन दिवसांत उतार न पडणे यांपैकी काही दिसले, तर उरलेला पदार्थ पट्टीसह डब्यात तसाच घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास घ्यायला अडचण वाटली, तर वाट न पाहता तातडीच्या वैद्यकीय सेवेला बोलवावे.